अकराशे त्र्याहत्तरचा पूर्ण संच

रविवार, ४ फेब्रुवारी

पाय सुजलेत. सकाळी साडेपाचपासून अकरापर्यंत एकाच जागी उभी. चार हजार दोनशे फ्रेम्स, दोन कार्डं भरली. यंदाही जागा मीच मागून घेतली होती — अठराव्या किलोमीटरचं वळण, चढ संपतो तिथे. सुरुवातीला सगळे कॅमेऱ्याकडे बघून छाती काढतात. शेवटच्या रेषेवर रडतात, मिठ्या मारतात. अठराव्याला मात्र माणूस नाटक करायचं विसरतो. तिथला चेहरा खरा असतो आणि तोच विकला जातो.

दादाने दुपारपर्यंत सगळं साइटवर चढवलं. आपल्या छातीवरचा नंबर टाकायचा, आपले फोटो समोर येतात. त्यांवर आडवं आमचं नाव. पैसे भरले की नाव जातं, स्वच्छ फाइल मिळते. दरावरून आमची नेहमीची कटकट. त्याने एका फाइलला सिनेमाच्या एका तिकिटाएवढा दर लावला, पूर्ण संचाला तीन तिकिटांएवढा. मी म्हटलं जास्त होतं, हल्ली लोक फोनवर फुकट काढतात. कागद हातात दिला की लोक पैसे देतात, फाइल म्हणजे त्यांना हवा वाटते. दादा म्हणाला, दोन दिवस माणूस स्वतःवर खूश असतो, तेवढ्यात विकायचं. तिसऱ्या दिवशी त्याला फोटोत स्वतःचं पोट दिसायला लागतं.

एक फ्रेम मात्र झकास आली आहे. निळा टी-शर्ट, चाळिशीचा माणूस, चढ संपवून हात वर केलाय, तोंड उघडं. जिंकल्यासारखा! काहीतरी म्हणाला पण मला, स्पीकरच्या दणदणाटात कळलं नाही. दादाने तीच साइटच्या पहिल्या पानावर टाकली. खाली लिहिलं — तुमचाही क्षण इथे आहे.

सोमवार, ५ फेब्रुवारी

दादाचा फोन. कालच्या शर्यतीतला एक जण गेला. वळणाच्या पुढे दोनशे पावलांवर पडला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. नंबर अकराशे त्र्याहत्तर.

मी विचारलं, टी-शर्ट कुठला. दादा म्हणाला, पहिल्या पानावरून काढलाय मी.

तोवर नऊशे लोकांनी ते पान उघडलं होतं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

मूळ फाइल्स उघडल्या. त्याच्या अकरा फ्रेम्स आहेत माझ्याकडे. आठ एक्केचाळीस आणि सात सेकंदांपासून आठ एक्केचाळीस आणि एकवीस सेकंदांपर्यंत. चौदा सेकंद.

साइटवर त्याच्या नंबराखाली एकच फोटो दिसतो. मशीन नंबर वाचून फोटो लावतं, आणि बाकीच्या दहांत नंबर झाकलेला आहे. त्याच्याच हाताने. डावा हात छातीवर धरलाय, बोटं टी-शर्टमध्ये रुतलीत. उजवा हात माझ्याकडे. चौथ्या फ्रेममध्ये तेवढा डावा हात क्षणभर खाली आलाय, म्हणून तो जिंकल्यासारखा दिसतो.

सातव्या फ्रेमपासून तो बाजूला झुकतो आणि मागचं दिसायला लागतं. प्रथमोपचाराचा लाल चिन्हाचा तंबू. टेबल, पाण्याच्या बाटल्या, एक खुर्ची. माणूस नाही.

अकराव्यात तो उजवा हात गुडघ्यावर टेकून वाकलाय, नजर वर. बारावी फ्रेम पुढच्या धावपटूची, नंबर बाराशे आठची आहे. अगदी स्वच्छ, डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसतं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

ती चौथी फ्रेम विकली गेली.

दादाने पहिल्या पानावरून काढली, पण नंबराखालून काढायची राहिली होती. सोमवारी संध्याकाळी कोणीतरी अकराशे त्र्याहत्तर टाकून पैसे भरले. आणि पैसे भरले की जो निरोप आपोआप जातो तो गेला — ‘अभिनंदन! तुम्ही करून दाखवलंत! हा क्षण आता कायमचा तुमचा.’ निरोप दादाने लिहिला होता. त्यातलं शुद्धलेखन मी तपासलं होतं.

बायकोने घेतला असणार. अजून कोण घेणार?

दादाला म्हटलं, पैसे परत पाठव. तो म्हणाला, परत पाठवले की त्याचाही एक निरोप जातो — ‘आमची सेवा आवडली नाही का?’ आणि तो बंद कसा करायचा ते त्याला माहीत नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

ती आली होती. आधी फोनही नाही. मी खाली स्टुडिओत लेन्स पुसत बसले होते. बाबांच्या वेळचा आरसा आणि कंगवा अजून भिंतीवर आहे, तिने आत येताच सवयीने केसांवरून हात फिरवला आणि मग बाकावर बसली. फोन पुढे केला. म्हणाली, हा फोटो मोठा करून हवाय, भिंतीवर लावायला. मी तिला ओळखलं ते फोटोवरून.

मी काही बोलायच्या आत तीच बोलायला लागली. सगळ्यांना सांगून सांगून पाठ झाल्यासारखं. माणूस धडधाकट होता, रोज धावायचा, शेवटच्या रेषेजवळ ती मुलीला घेऊन जागा धरून बसली होती. मुलगी सहा वर्षांची. मग तिने विचारलं, “ते हात कोणाला करतायत?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मला. कॅमेरा दिसला की सगळेच करतात.”

ती फोटोकडे बघत राहिली. म्हणाली, फोटो म्हटला की ते तोंड फिरवायचे, लग्नाच्या फोटोतसुद्धा पायांकडे बघतायत. “म्हणजे तेव्हा मजेत होते.” मुलगी सकाळी उठली की फोनमधल्या बाबांना उलटा हात करते म्हणे.

मी मान हलवली. देवा, मी मान हलवली!

जाताना तिने विचारलं, एकच का? बाकीच्यांचे पाच-सहा तरी आहेत. मी म्हटलं, बाकीचे हलले.

मोठा प्रिंट करून दिला. पैसे घेतले नाहीत. ती खूप नको नको म्हणाली.

ती गेल्यावर आतून बाबांनी हाक मारली. हल्ली त्यांना फक्त उजेड आणि सावली कळते, पण कान शाबूत आहेत. म्हणाले, बत्तीस वर्षं हा धंदा केला, गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून दिले, एकदा चार महिन्यांच्या बाळाचा दिला. प्रत्येकाकडून पूर्ण पैसे घेतले. फुकट दिलं की समोरच्याला आभार मानावे लागतात, आणि त्या दिवशी त्याच्याकडून तेवढंही मागू नये. मग म्हणाले, “तू पैसे सोडलेस. का?”

मी म्हटलं, वाईट वाटलं म्हणून.

“ते तिला वाटतंय. तुला दुसरंच काहीतरी वाटतंय.”

मी स्वयंपाकघरात निघून आले.

शनिवार, १० फेब्रुवारी

खोटं लिहिलंय मी रविवारी. इथेसुद्धा! इथे कोण बघणार होतं?

तो काय म्हणाला ते मला कळलं होतं. “अहो, जरा —” एवढं स्पष्ट ऐकू आलं. मला वाटलं, फोटो नीट काढा म्हणतोय. मी अंगठा वर केला. म्हणाले, “मस्त! असंच!”

आणि बाराशे आठकडे वळले.

रविवार, ११ फेब्रुवारी

काही काम नाही. दिवसभर पडून.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

शर्यतीचे आयोजक घरी आले. आम्ही त्यांना शिट्टीवाले म्हणतो, बारा महिने गळ्यात शिट्टी असते. आज नव्हती. दादाने त्यांना बाबांच्या खुर्चीवर बसवलं.

फार मऊ बोलत होते. कामाचं कौतुक झालं, धंदा कसा बसलाय ते झालं. मग म्हणाले, त्या वळणावरच्या अकरा फाइल्स त्यांना हव्यात. मूळ फाइल्स, सगळ्या हक्कांसकट, आणि आमच्याकडे एकही प्रत राहता कामा नये. म्हणजे अकराचा आकडा दादाने त्यांना सांगितला होता. दादा खाली बघत होता.

त्याबदल्यात येत्या वर्षातल्या सहाही शर्यती आमच्या. दर आम्ही लावू तो. शिवाय त्या अकरांसाठी त्यांनी एक आकडा कागदावर लिहून कागद माझ्याकडे सरकवला. तेवढे पैसे आम्हाला दोन वर्षांचे संच विकून मिळतात.

मी तंबूचं विचारलं. नर्स होती म्हणाले, पाच मिनिटांसाठी गेली होती. कुठे ते त्यांनाही माहीत नाही. लेकुरवाळी आहे, चांगली मुलगी आहे, तिचं आयुष्य जाईल.

मग ते उठले, आणि दाराशी अगदी काळजीने म्हणाले, “ताई, तुमच्याही भल्याचं सांगतोय. ते फोटो बघून लोक नर्सचं नंतर विचारतील. आधी विचारतील, फोटो काढणारी काय करत होती?”

बुधवार, १४ फेब्रुवारी

दादाशी भांडण. ओरडणं नाही, ते परवडलं असतं. तो सकाळपासून हिशोबासारखं बोलत होता. तो माणूस परत येणार नाही. बाईच्या मनात एक चांगला फोटो आहे, तो का बिघडवायचा? नर्सला मुलं आहेत. आपल्याला सहा शर्यती. “यात कोणाचं वाईट होतंय ते सांग, छोटे.”

मला सांगता आलं नाही. खरंच आलं नाही.

दादा वाईट माणूस नाही. माझ्यासाठी त्याने शहरातली नोकरी सोडली, साइट शिकला, रात्रंदिवस लोकांचे घामेजलेले चेहरे नंबरवार लावतो. आणि खरं तर त्याच्या प्रत्येक वाक्याला मी मनातून हो म्हणत होते. त्याचीच मला भीती वाटली. नर्स, बाई, मुलगी — सगळ्यांचं भलं आणि नेमकं माझंही. इतकं सोयीचं कसं काय असतं?

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. त्यांना दिसत नाही म्हणून एकेक फ्रेम सांगत गेले. पहिलीत अंतर किती, दुसरीत हात कुठे, उजेड कुठून. त्यांनी मध्ये दोनदा विचारलं — लेन्स कुठली, डोळे कुठे बघतायत. मी म्हटलं, माझ्याकडे. अकराही फ्रेम्समध्ये माझ्याकडे.

सगळं ऐकून म्हणाले, “फोकस बरोबर आहे?”

“हो.”

“मग तुला दिसत होतं.”

रेडिओ लावला त्यांनी.

सोमवार, १९ फेब्रुवारी

शिट्टीवाल्यांचा मसुदा आला. चार पानं. त्या माणसाचा उल्लेख सगळीकडे ‘प्रतिमेतील व्यक्ती’ असा आहे. सही दोघांची लागते, कारण धंदा दोघांचा आणि फोटो माझे. दादाची करून झाली आहे. माझ्या नावासमोर पेन्सिलने छोटी फुली, कुठे करायची ते कळावं म्हणून.

मंगळवार, २० फेब्रुवारी

अकरा फाइल्स पेनड्राइव्हवर घेतल्या. एका कागदावर लिहिलं — या सर्व छायाचित्रांचे सगळे हक्क मी नंबर अकराशे त्र्याहत्तरच्या पत्नीला देत आहे, ह्यांचं काय करायचं ते त्या ठरवतील. तारीख, सही. घरात कोणाला न सांगता निघाले.

दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दाराशी धावायचे बूट अजून तसेच, शेजारी चिमुकल्या चपला. माझा प्रिंट समोरच्या भिंतीवर. मुलगी खाली बसून रंगवत होती. मी म्हटलं, आपण दोघीच बोलू या का? तिने मुलीला आतल्या खोलीत पाठवलं आणि दार ओढून घेतलं. तिला वाटलं असेल, मी प्रिंटचे पैसे मागायला आले.

मी सगळं सांगितलं. बाकीचे फोटो हलले नव्हते, मी खोटं बोलले. तो हात कॅमेऱ्यासाठी नव्हता. तंबूचं सांगितलं, शिट्टीवाल्यांचा आकडाही सांगितला. वाटेत पाठ करून गेले होते, तरी क्रम चुकला.

तिने लॅपटॉप आणला. एकेक बघितली. सातवीवर मागे गेली, परत पुढे आली. बाहेर कोणाच्या तरी कपड्यांचं बादलीत आपटणं चालू होतं, ते मोजत मी उभी राहिले. ती रडेल असं मला वाटत होतं. रडली नाही.

“बोलले का काही?”

“अहो, जरा — एवढंच.”

“मग तुम्ही?”

“मस्त म्हटलं. असंच म्हटलं.”

तिने लॅपटॉप मिटला. अगदी हळू, आत मुलगी झोपलेली असावी तसा. म्हणाली, “निघा आता तुम्ही.”

मी कागद आणि पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून निघाले. जिना उतरले. पण रस्त्यावर आल्यावर — लिहायची लाज वाटते — हलकं वाटलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा सपाटून भूक लागली. कोपऱ्यावरच्या टपरीवर उभं राहून चहा घेतला, दोन पाव खाल्ले. बोटं चाटली!

बुधवार, २१ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. तो जेवत होता. ताट तसंच ठेवून उठला.

शनिवार, २४ फेब्रुवारी

पुढच्या महिन्यातली शर्यत दुसऱ्या फोटोग्राफरला दिली. शिट्टीवाल्यांनी फोन केला नाही, बातमी बाहेरून कळली. दादा बोलत नाही. मीठ हवं असलं तरी बाबांच्या मार्फत मागतो. बाबाही इमानेइतबारे निरोप पोचवतात — “त्याला मीठ हवंय म्हणे.” मला हसू आलं आणि लगेच विरलं.

पण झोप लागते.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

पेपरात चार ओळी. शर्यतीतल्या मृत्यूची चौकशी होणार, समिती नेमली आहे. तिनेच तक्रार केली असणार! मी जबाब लिहून ठेवला. साडेतीन पानं. स्वतःला काही सवलत दिलेली नाही. वेळ, अंतर, मी काय बोलले, सगळं. बोलावतील तेव्हा सरळ हातात देईन. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत.

जबाब दोनदा वाचून काढला. चांगला झालाय असं मनात आलं. जबाब चांगला झालाय!

शुक्रवार, १ मार्च

बोलावणं नाही.

मंगळवार, ५ मार्च

समितीच्या कचेरीत स्वतःच फोन केला. तिथला माणूस म्हणाला, त्या वळणावरचा काहीही पुरावा आमच्यापुढे आलेला नाही, तुम्ही कोण? मी म्हटलं, फोटोग्राफर. त्याने नाव लिहून घेतलं. म्हणाला, कळवू.

तिच्याकडेच आहे सगळं. मग थांबली कशासाठी? वकील बघत असेल.

शनिवार, ९ मार्च

ती आली. आज बसली नाही.

म्हणाली, अकराही फाइल्स शिट्टीवाल्यांना विकल्या. आकडा त्यांचा नाही, तिचा. मुलगी शिकून मोठी होईपर्यंत पुरेल. समितीपुढे गेल्या असत्या तर पेपरात आल्या असत्या, आणि मुलगी आता अक्षरं जोडून वाचायला लागली आहे.

मी जबाबाचं सांगायला लागले. तिने मला मध्येच थांबवलं. “तुम्ही मला सांगून मोकळ्या झालात. मी कोणाला सांगू?”

मग म्हणाली, तुमच्याकडच्या पुसा. माझ्यासमोर.

कॉम्प्युटर लावला. एकेक पुसत गेले. शेवटची राहिली तेव्हा तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. बराच वेळ बघत राहिली.

म्हणाली, पुसा.